पिकअप वाहनाच्या दरवाजाची काच बदलणे

मालवाहू पिकअपच्या दरवाजातील फुटलेली काच काढून त्या जागी नवी बसवण्याच्या कामास काच बदलणे म्हणतात. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील जंगलरस्त्यांवर झुकलेल्या फांद्या, उडणारी गिट्टी व पाठीमागे लादलेले बांबू यांमुळे ही काच फुटते.

समोरच्या काचेत दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असल्याने तडा गेला तरी ती जागेवर राहते. बाजूची काच मात्र तापवून झपाट्याने थंड केलेली, म्हणजे टफन्ड असते. फुटताच तिचे बोथट कण होतात, त्यामुळे तिची दुरुस्ती संभवत नाही. ती कापताही येत नाही. वाहनाच्या प्रतिमानानुसार तयारच घ्यावी लागते. साध्या काचेचा मापाचा तुकडा स्वस्त पडतो खरा, परंतु अपघातात त्याच्या धारदार फाळी चालकाच्या मानेपाशीच येतात.

काच बदलताना दरवाजाचे आतील आवरण उतरवून पोकळीतील कण प्रथम वेचले जातात. ही पायरी बहुधा घाईत गाळली जाते. मग निचऱ्याची भोके बुजून पावसाळ्यात पत्रा गंजतो. त्यानंतर काच रबरी खाचेत उतरवून वर-खाली करणाऱ्या यंत्रणेस जोडतात. तोवर प्लास्टिकचा कागद चिकटवून वाहन हाकणे धोक्याचे, कारण त्यातून बाजूचा आरसा दिसत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जाणे आवश्यक आहे.