माहिती साठविण्याची साधने : क्षमता व मर्यादा

पेणच्या मूर्ती कारखान्यातील मागणीच्या नोंदी असोत वा रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतील हिशेब, संगणकावरील माहिती कशावर जपावी, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. साडेतीन इंची फ्लॉपीची क्षमता १.४४ एमबी, सीडीची सुमारे ७०० एमबी, तर एकपदरी डीव्हीडीची ४.७ जीबी असते. हार्ड डिस्क फिरत्या चुंबकीय तबकड्यांवर स्वस्तात विपुल माहिती साठविते. मात्र ती धक्क्याने बिघडू शकते. पेन ड्राइव्ह व एसएसडीत फिरते भाग नसतात. तथापि दीर्घकाळ न वापरता ठेवल्यास त्यांतील माहिती नष्ट होण्याचा संभव असतो. कोकणातील दमट हवेत सीडीवर बुरशी धरू शकते आणि कुंडलिकेच्या काठी पुराचेही भय असते. त्यामुळे महत्त्वाच्या माहितीच्या दोन प्रती भिन्न साधनांवर घेऊन त्यांपैकी एक परगावी ठेवणे हिताचे ठरते.