शत्रूचा शत्रू

‘शत्रूचा शत्रू तो आपला मित्र’ हे वाक्य आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असते. कोणी म्हटले, असे विचारले की उत्तर तयार : ‘चाणक्याने!’ युरोपातला मनुष्य मात्र तेच वाक्य अरबांची म्हण म्हणून सांगतो. मग खरे कोणाचे?

आधी चाणक्याचे दप्तर तपासू. कौटिलीय अर्थशास्त्राचा ग्रंथ कित्येक शतके पंडितांच्या दृष्टीआड होता. म्हैसूरच्या ग्रंथालयात त्याची पोथी आर. शामशास्त्री यांच्या हाती आली आणि १९०९ साली तो छापून निघाला. पुढे मुंबईच्या प्रा. र. पं. कंगले यांनी १९६० ते १९६५ या काळात त्याची चिकित्सक आवृत्ती आणि भाषांतर प्रसिद्ध केले. ग्रंथाच्या सहाव्या अधिकरणात राजमंडल सांगितले आहे. लगतचा राजा तो अरी. त्याच्या पलीकडचा तो मित्र. त्याच्याही पलीकडे अरिमित्र, मग मित्रमित्र. आपली म्हण याच मांडणीचे सार वाटते खरी. पण कौटिल्य बोलतो तो हद्दीविषयी, स्नेहाविषयी नव्हे. मधला शत्रू नाहीसा झाला, की पलीकडचा मित्र आपल्या शिवेला येऊन भिडतो. मग त्या हिशेबाने तोच अरी!

आता अरबांकडे वळू. हजरत अली यांची वचने शरीफ रझी यांनी इसवी सन १००० च्या सुमारास ‘नहज अल्-बलाघा’ या ग्रंथात संकलित केली. त्यांत मित्रांचे तीन प्रकार येतात : आपला मित्र, मित्राचा मित्र आणि शत्रूचा शत्रू. म्हणजे म्हणीच्या शब्दांचा हक्क अरबांकडे अधिक जातो, आणि विचाराचा वडीलपणा कौटिल्याकडे. अर्थशास्त्राचा काळ विद्वानांनी कितीही अलीकडे ओढला, तरी तो या संकलनाच्या कित्येक शतके आधीचाच ठरतो.

पण वाचकहो, म्हणीच्या कुळापेक्षा तिची करणी पाहणे अधिक अगत्याचे. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानीनात, आणि इंग्रजांच्या जहाजांना तर ते काळच वाटत. नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हात मिळविला. १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून गेले. बंदरात आंग्र्यांचे आरमार जळून राख झाले. किल्ला मात्र इंग्रजांनी आधी आपल्या ताब्यात घेतला आणि काही महिने सोडला नाही. पेशव्यांचा शत्रू संपला. पण कोकणच्या किनाऱ्यावर इंग्रजांना धाक घालणारे मराठ्यांचे मोठे बळही त्याच्याबरोबर गेले. पुढच्याच वर्षी त्याच क्लाइव्हने प्लासी जिंकली, आणि १८१८ साली त्याच इंग्रजांनी पेशवाई बुडविली.

नानासाहेबांनी म्हण ऐकली होती की नाही, कोण जाणे. पण ते वागले मात्र तिला धरूनच. कौटिल्याचा पुढचा हिशेब तेवढा राहून गेला.

या दिवाळीत अंगणात पोरे मातीचा किल्ला करतील. विजयदुर्ग करणार असतील, तर परातीत पाणी घालून चार कागदी गलबतेही सोडायला सांगा. आणि ती कोणी जाळली व कोणाच्या संमतीने, हेही त्यांना सांगा.