लॅपटॉपच्या कडेची भोकं

माझा मावसभाऊ नाशिकला असतो. ढोलकी वाजवतो, कार्यक्रमांचे व्हिडिओही तोच एडिट करतो. दिवाळीनंतर त्याचा फोन आला. "दादा, साठ हजार जमलेत. कुठला लॅपटॉप घेऊ?"

घरात इंजिनिअर असला की हा प्रश्न येतोच. पण ते साठ हजार त्याची दोन वर्षांची कमाई होती, आणि या प्रश्नावर मी स्वतः एकदा आपटलोय. पहिल्या नोकरीच्या पैशांतून गेमिंग लॅपटॉप घेतला. गिगाहर्ट्झ, ग्राफिक्स कार्ड, सगळं तोंडपाठ होतं. गिटार जोडली, तर आवाजात मध्येच 'कट्'. महिन्याभराने कळलं की वाय-फायचा ड्रायव्हर प्रोसेसरला अधूनमधून काही मिलिसेकंद अडवून धरतो. एक्सेल शीटला त्याने काहीच फरक पडत नाही. आवाजाला पडतो, कारण सेकंदाचे ४४,१०० नमुने वेळेवर पोचावे लागतात.

म्हणून त्याला मॉडेल सांगण्याआधी मी १९८५ मध्ये जाऊन आलो.

त्या वर्षी अटारी एसटी बाजारात आला. प्रोसेसर ८ मेगाहर्ट्झचा, म्हणजे तेव्हाही अचाट वगैरे नाही. मिडी ही वाद्यांची आपसात बोलायची भाषा दोनच वर्षांपूर्वी, १९८३ मध्ये ठरली होती. इतर कॉम्प्युटरांना त्यासाठी वेगळा डबा विकत घेऊन जोडावा लागे. अटारीने मिडीची दोन गोल भोकं मशीनमध्येच दिली. बस, एवढंच! गेमसाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपनीचं हे मशीन युरोपभरच्या स्टुडिओंत जाऊन बसलं. क्यूबेस हे सॉफ्टवेअर १९८९ मध्ये आधी त्याच्यावरच आलं. फॅटबॉय स्लिम तर १९९८ च्या गाजलेल्या अल्बमपर्यंत अटारीच वापरत होता, आणि तोवर ते मशीन भंगारात काढण्याच्या वयाचं झालं होतं.

अटारीने त्याचा लॅपटॉपही काढला, स्टेसी. मिडीची भोकं शाबूत, वजन सात किलोच्या आसपास. टॉर्चमध्ये घालतात तसे बारा सेल त्यात बसायचे आणि पंधरा मिनिटांत संपायचे, असं सांगतात. शेवटी कंपनीने बॅटरीचा नाद सोडला. मांडीवर घ्यायचं मशीन, पण भिंतीला बांधलेलं. तरी वादकांनी ते नेलंच.

व्हिडिओची गोष्टही अशीच एका भोकाची. १९९५ मध्ये सोनीचा डीव्ही कॅमेरा आला. त्याचं तासाभराचं चित्रण म्हणजे साधारण १३ जीबी. ते कॉम्प्युटरमध्ये उतरवायचं कसं? उत्तर होतं फायरवायर. १९९९ च्या आयमॅकवर आणि २००० च्या पॉवरबुकवर ते आलं आणि हौशी माणूस घरी सिनेमा कापू लागला. मग २००८ मध्ये अ‍ॅपलने नव्या मॅकबुकवरून फायरवायर काढून टाकलं. ज्यांचे कॅमेरे आणि साउंड कार्ड त्याच वायरीवर चालायचे त्यांनी इतका ओरडा केला, की पुढच्या वर्षी १३ इंची मॉडेलवर ते परत आलं. शहाणपण मात्र टिकलं नाही. २०१६ च्या मॅकबुक प्रोवर एसडी कार्डाची फट नाही, एचडीएमआय नाही. दोन्ही परत यायला २०२१ उजाडलं. मधली पाच वर्षं एडिटर मंडळी खिशात अ‍ॅडॅप्टरांचा झुपका घेऊन फिरली.

मॉडेल बनवणाऱ्यांना सडपातळ कड दिसते, वापरणाऱ्याला त्या कडेवर काय काय अडकवायचंय ते दिसतं. प्रोसेसरला माझा विरोध नाही. फोर-केचं फुटेज कापायचं तर तो लागतो, १६ जीबी रॅमही लागते. पण ते पाटीवर लिहिलेलं असतं. 'कट्' पाटीवर लिहिलेला नसतो. गाणारा माइकसमोर उभा राहिला की पंखा किती घोंघावतो, तेही नसतं.

भावाला सांगितलं, "दुकानात तुझं साउंड कार्ड, हेडफोन आणि माइक घेऊन जा. बफर २५६ नमुन्यांवर ठेव, वाय-फाय चालू ठेव आणि दहा मिनिटं वाजव." २५६ नमुने म्हणजे जेमतेम ६ मिलिसेकंद. ढोलकीवाल्यापासून दोन मीटरवर बसलेल्या माणसाला आवाज पोचायलाही तेवढाच वेळ लागतो.

दुकानदार वैतागला म्हणे. भाऊ काउंटरवर बोटांनी ठेका धरून ऐकत बसला होता. पहिल्या मशीनवर कट् आला, दुसऱ्याचा पंखा सुटला. तिसरं त्याने घेतलं. संध्याकाळी फोन आला : "दादा, एसडी कार्डाची फट आहे. बॅटरी मात्र चार तासच जाते."

मी त्याला स्टेसीचं सांगितलं.