एक भाषा, एक विभाग : शहागडवरून दिसणारा विद्यापीठीय भाषाभ्यास

१

शहागड या ग्रामनामात दोन भाषा आहेत. त्यातील ‘शाह’ फार्सी आहे, ‘गड’ आपला आहे, आणि या दोहोंचा समास इतका बेमालूम झाला आहे की गावाचे नाव उच्चारताना तो कुणाला जाणवत नाही. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील हे गाव गोदावरीच्या उत्तर तीरावर आहे. नदी ओलांडली की बीड जिल्हा लागतो. प्रवाहाच्या वरच्या अंगाला पैठण आहे. एकनाथांनी ‘हिंदु-तुर्क संवाद’ लिहिला तो याच परिसरात. पूर्वी अंबड तालुक्यात आणि आता घनसावंगी तालुक्यात असलेले जांब हे रामदासांचे जन्मगाव (१६०८). वायव्येस औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. वली आणि सिराज या दख्खनी-उर्दू काव्यपरंपरेतील थोर कवींची नावे या नगराशी जोडलेली आहेत. एका दिवसाच्या प्रवासात ओलांडता येईल एवढ्या या टापूत महाराष्ट्री प्राकृत, मराठी, फार्सी, दख्खनी आणि उर्दू यांचे थर एकावर एक बसले आहेत.

अशा प्रदेशातील विद्यार्थी जेव्हा आधुनिक भाषा आणि तिची संस्कृती शिकण्यासाठी विद्यापीठात जातो, तेव्हा हे थर त्याला एकत्र पाहायला मिळतात काय? प्रस्तुत निबंधाचा विषय हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना असे दिसते की, गेल्या शतकात या प्रदेशावरील राजवट तीनदा बदलली, विद्यापीठ बदलले, अध्यापनाचे माध्यमही बदलले. पण भाषाभ्यासाची चौकट फारशी बदलली नाही. एक भाषा, तिचा एक विभाग आणि त्या विभागाला चार भिंती, हीच ती चौकट होय. या भिंती जेथे ओलांडल्या गेल्या तेथे साहित्यविचाराला नवे वळण मिळाले. जेथे त्या उभ्या राहिल्या तेथे या प्रदेशाला स्वतःचेच कागद परके झाले.

२

‘आधुनिक भारतीय भाषा’ हा विद्यापीठीय विषय म्हणून उशिरा मान्य झाला. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने उच्च परीक्षांत अभिजात भाषांना प्रतिष्ठा दिली आणि देशी भाषांना दाराबाहेर ठेवले. त्या पुन्हा आत याव्यात म्हणून न्यायमूर्ती रानडे यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत खटपट केली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मराठीला एम.ए.च्या अभ्यासक्रमात प्रवेश मिळाला. पुढे १९१९ मध्ये आशुतोष मुखर्जी यांच्या पुढाकाराने कलकत्ता विद्यापीठात देशी भाषांची स्वतंत्र एम.ए. परीक्षा सुरू झाली. या योजनेत एक महत्त्वाचे कलम होते : मुख्य भाषेबरोबर विद्यार्थ्याने दुसरी एक देशी भाषाही अभ्यासली पाहिजे. आपली भाषा शेजारच्या भाषेच्या सोबतीनेच समजते, ही त्यामागची दृष्टी होती. हे कलम आपल्याकडे रुजले नाही, याची नोंद येथेच करून ठेवली पाहिजे.

शहागड मात्र त्या काळी मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत नव्हते, हैदराबाद संस्थानात होते. संस्थानात वरिष्ठ कारभाराची भाषा १८८० च्या दशकात फार्सीवरून उर्दूवर आली होती. गावपातळीचे कागद मराठीत, बहुधा मोडी लिपीत, आणि वरच्या कचेरीचे कागद उर्दूत, असा मराठवाड्यातील सर्वसाधारण क्रम होता. १९१७ च्या फर्मानानुसार उस्मानिया विद्यापीठाची उभारणी झाली आणि १९१९ मध्ये तेथे अध्यापन सुरू झाले. देशी भाषेतून सर्व विषयांचे उच्च शिक्षण देणारे हे भारतातील पहिले आधुनिक विद्यापीठ. वसाहतकालीन शिक्षणाच्या इतिहासात हे पाऊल मोठे होते, यात शंका नाही. परंतु ज्या भाषेला येथे ‘देशी’ म्हटले गेले ती उर्दू संस्थानातील साधारण दहांपैकी एकाची मातृभाषा होती. मराठी साधारण चौघांपैकी एकाची, आणि तेलुगू तर जवळजवळ निम्म्या प्रजेची. मराठी, तेलुगू, कानडी यांना उस्मानियात विषय म्हणून जागा मिळाली, ज्ञानाचे माध्यम म्हणून मिळाली नाही. इंग्रजीच्या वर्चस्वाला दिलेले उत्तर असे पुन्हा एकाच भाषेच्या वर्चस्वात संपले.

विद्यापीठासाठी नेमलेल्या अनुवाद-संस्थेने, दारुल-तर्जुम्याने, शेकडो ग्रंथ उर्दूत आणले आणि त्यांसाठी परिभाषा घडवली. ही परिभाषा मुख्यतः अरबी-फार्सी धातूंवर उभारलेली होती. गोदाकाठच्या खेड्यातून आलेल्या मराठी मुलाला ती इंग्रजीइतकीच दूरची वाटली असल्यास नवल नाही. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने मराठी परिभाषा घडवताना तोच मार्ग संस्कृतच्या दिशेने चोखाळला. दिशा उलट होती. पण बोलीत रुळलेला मिश्र शब्द टाळून दूरच्या अभिजात भाषेकडे धाव घ्यायची, ही वृत्ती दोन्हीकडे समान होती.

३

या अनुवाद-संस्थेचे आरंभीचे सूत्रधार मौलवी अब्दुल हक यांच्या आयुष्याचा मोठा भाग औरंगाबादेत गेला. ‘अंजुमन तरक्की-ए-उर्दू’ या संस्थेचे मुख्य ठाणे १९३८ पर्यंत त्याच शहरात होते, आणि ‘उर्दू’ हे तिचे संशोधनपर नियतकालिक तेथूनच १९२१ मध्ये निघू लागले. तेथील महाविद्यालयाचे ते प्राचार्यही होते. याच अब्दुल हकांनी १९३३ मध्ये मराठीवरील फार्सीच्या प्रभावासंबंधी एक छोटे पुस्तक उर्दूत प्रसिद्ध केले. त्याच्या आठ वर्षे आधी, १९२५ मध्ये, संस्थानाच्या सीमेपलीकडे माधव जूलियन यांचा ‘फार्सी-मराठी कोश’ पुण्यात प्रकाशित झाला होता.

ही दोन पुस्तके शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. विषय एकच : मराठीच्या अंगात भिनलेली फार्सी. अभ्यासकही तोलामोलाचे. परंतु एक पुस्तक उर्दू विद्वत्तेच्या कपाटात गेले, दुसरे मराठीच्या. इंग्रजी आणि फार्सी घेऊन एम.ए. झालेल्या आणि मराठीत गज्जल रुजवणाऱ्या माधव जूलियनांनीच पुढे ‘भाषाशुद्धि-विवेक’ (१९३८) लिहून परकीय शब्दांच्या निष्कासनाचा पुरस्कार केला, हा विरोधाभास नेहमी व्यक्तिगत मानला जातो. तो केवळ व्यक्तिगत नाही. ज्या शब्दांचा उगम आपण विद्वत्तेने शोधला, त्याच शब्दांना परके ठरवण्यासाठी ती विद्वत्ता वापरता येते. भाषिक संपर्काचा अभ्यास ‘कोणाचे काय उसने’ या हिशेबापुरता राहिला की त्याची परिणती अशीच होते. उसनवारीचा हिशेब फेडण्यासाठीच ठेवला जातो.

साहित्यदृष्ट्या विचार केला तर हा हिशेब अपुरा आहे, हे एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावे. मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. लघु-गुरु-गुरु हा त्याचा गण, तोच फार्सीतील ‘मुतकारिब’ या छंदाचाही पायाभूत घटक आहे, आणि ‘शाहनामा’ मुतकारिबात रचलेला आहे. कोणी कोणाकडून घेतले असा हा प्रश्नच नव्हे. संस्कृत आणि अरबी-फार्सी छंदःशास्त्रांच्या परंपरा वेगळ्या आहेत. मात्र दोन्ही ऐकलेल्या कानाला ते एकमेकांजवळचे वाटणार. अशा कानाचा अभ्यास ना मराठीच्या वृत्तविचारात येतो, ना उर्दूच्या.

४

१९३८ मध्ये उस्मानियाच्या वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हक्क सांगितला, त्यांना काढून टाकण्यात आले आणि अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. या प्रसंगाची राजकीय बाजू सुपरिचित आहे. भाषाभ्यासाच्या दृष्टीने एवढेच लक्षात घ्यावे की, उर्दूविषयीचा दुरावा राजवटीविषयीच्या दुराव्यातून जन्मला. रझाकारांच्या काळाने तो अधिक कडवट केला. १७ सप्टेंबर १९४८ नंतर उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले, आणि मराठवाड्यातील मराठी माणसाने उर्दूकडे पाठ फिरवली ती सुटकेच्या भावनेने. लादलेली भाषा नाकारण्याचा त्याचा अधिकार मान्यच केला पाहिजे. गतकाळ रमणीय करून सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु लादलेली भाषा नाकारणे वेगळे आणि ती अभ्यासणे सोडून देणे वेगळे. हा भेद त्या घाईत पुसला गेला.

१९५० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत काढलेले महाविद्यालय, म्हणजे पुढचे मिलिंद महाविद्यालय, आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झालेले मराठवाडा विद्यापीठ यांनी शहागडसारख्या गावांतील मुलांना प्रथमच हाकेच्या अंतरावर उच्च शिक्षण दिले. हैदराबाद, पुणे वा नागपूर गाठण्याची ऐपत नसलेल्या पहिल्या पिढीला भाषा आणि साहित्य हे विषय येथे भेटले. ‘संस्कृती’ या शब्दाचा अर्थही येथेच बदलला. मिलिंदच्या वर्तुळात म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे यांनी मराठी साहित्याला विचारले की, या संस्कृतीत आम्ही कोठे आहोत? ‘अस्मितादर्श’ने हा प्रश्न महाराष्ट्रभर नेला.

या घडामोडीत एक गोष्ट पुरेशी अधोरेखित झालेली नाही. वानखेडे यांनी अमेरिकेत जाऊन तेथील साहित्याचा अभ्यास केला होता. जनार्दन वाघमारे हे इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांनी ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ (१९७८) हा ग्रंथ मराठीत लिहिला. म्हणजे दलित साहित्याच्या विचाराला मिळालेले तुलनेचे एक महत्त्वाचे परिमाण इंग्रजीच्या वर्गातून मराठीत आले. दोन विभागांमधील भिंत येथे ओलांडली गेली, आणि तीही अभ्यासक्रमाने नव्हे, तर निकड असलेल्या माणसांनी. परभाषेचा अभ्यास स्वतःच्या प्रश्नासाठी केला की तो काय करू शकतो, याचा याहून ठळक पुरावा मराठीत क्वचितच मिळेल.

५

अटलांटिकपलीकडचा शेजारी असा सापडला. पुढच्या गल्लीतला मात्र सुटला. रामदासांच्या मनाच्या श्लोकांची प्रेरणा घेऊन अठराव्या शतकात तमिळ प्रदेशातील सूफी कवी शाह तुराब याने दख्खनीत ‘मन समझावन’ रचले. सय्यदा जाफर यांनी ते १९६४ मध्ये हैदराबादेत संपादित केले. जांबला जन्मलेल्या कवीची एक रचना मराठी मुलखाबाहेर, दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या धर्मपरंपरेत पुन्हा जन्म घेते, ही घटना कोणत्याही भाषाविभागाला अभिमानाने शिकवता यावी. प्रत्यक्षात ती कोणाच्याच वाट्याला येत नाही. मराठीचा विद्यार्थी उर्दू लिपी वाचू शकत नाही. उर्दूच्या विद्यार्थ्यापुढे मनाचे श्लोक नसतात.

अपवाद आहेत, आणि ते तेजस्वी आहेत. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी यांनी फार्सी साधने मराठीत आणली आणि सूफी संप्रदायावर मराठीत ग्रंथ लिहिला. यू. म. पठाण यांनी मराठवाडा विद्यापीठात मराठीचे अध्यापन करताना महानुभाव वाङ्मयाबरोबर बखरींतील फार्सीचाही अभ्यास केला. श्रीधर रंगनाथ कुलकर्णी यांनी दख्खनीला मऱ्हाठी संस्कृतीचा आविष्कार म्हणून पाहिले. परंतु यांतील प्रत्येकाची सिद्धता त्याची स्वतःची होती. विद्यापीठाने अशी माणसे गौरवली. अशी माणसे घडवणारी व्यवस्था उभारली नाही. पगडी ज्या पिढीतले, त्या पिढीला उर्दू संस्थानी शाळेने दिली होती. ती पिढी संपली तेव्हा तिची जागा घेण्याची सोय कोठेच नव्हती.

६

या उणिवेची किंमत केवळ वाङ्मयीन नाही. शहागडजवळच्या अंतरवाली सराटी येथील आंदोलनानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला. आरक्षणाच्या प्रश्नाची बरी-वाईट बाजू मांडणे हा या निबंधाचा विषय नव्हे. येथे अभिप्रेत आहे ते एवढेच की, लाखो कुटुंबांना ज्यांचे महत्त्व वाटले ते कागद उर्दूत आणि मोडीत होते, आणि ते वाचणारे जाणकार शोधण्याची पाळी प्रशासनावर आली. इनाम जमिनीच्या वादात ‘मुंतखब’ पुढे येतो तेव्हाही हीच अडचण उभी राहते. मराठवाड्यात विद्यापीठ येऊन तेव्हा पासष्ट वर्षे झाली होती. तेवढ्या काळात आजोबांच्या शेताचा कागद वाचू शकेल असा नातू आपल्या भाषाविभागांनी तयार केला नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मान्य केला. या निर्णयाचा आनंद आहेच. त्याबरोबर एक धोकाही संभवतो. अभिजाततेचा शोध मागे, एकाच उगमाकडे जातो. शहागडच्या काठावर साचलेला गाळ मात्र अनेक प्रवाहांचा आहे. मराठीच्या एम.ए.मध्ये किमान मराठवाड्यात तरी मोडी आणि उर्दू लिपी यांचे वाचन, तसेच दख्खनीतील एखादी संहिता, आवश्यक का नसावी? उर्दूच्या एम.ए.मध्ये एकनाथ आणि रामदास का नसावेत? कलकत्त्याने १९१९ साली जे कलम लिहिले त्याहून ही मागणी मोठी नाही. तिला नवी इमारत लागत नाही. दोन विभागांच्या वेळापत्रकांत आठवड्यातून दोन समान तास मिळाले तरी आरंभ होऊ शकेल. लिपी शिकवू शकणारे अध्यापक अजून आहेत, तोवर हे करणे सोपे आहे.