ब्राऊजरची ओळख सर्व्हरला कशी पटते?

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातील विद्यार्थी संगणकावर आणि त्याच तालुक्यातील शेतकरी साध्या मोबाईलवर एकच संकेतस्थळ उघडतो, तेव्हा दोघांपुढे येणारे पान सारखेच असेल असे नाही. कोणाला काय पाठवायचे, हे पुष्कळदा पान निघण्यापूर्वीच सर्व्हरवर ठरते. हा निर्णय चुकला, तर हवामानाचा अंदाज किंवा पीकसल्ला वाचू पाहणाऱ्याच्या हाती 'आपला ब्राऊजर चालणार नाही' एवढीच सूचना पडते.

पानाची मागणी करताना ब्राऊजर 'यूजर एजंट' नावाची एक ओळ सोबत पाठवतो. तीत ब्राऊजरचे नाव, आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांचा उल्लेख असतो. सर्व्हरवरील प्रोग्राम ही ओळ आपल्याजवळच्या यादीशी ताडून पाहतो. पीएचपी भाषेतील 'गेट ब्राऊजर' ही आज्ञा त्यासाठी 'ब्राऊजकॅप' या फाईलचा आधार घेते. मायक्रोसॉफ्टच्या एएसपीमध्येही अशीच सोय होती. कुकी, फ्रेम, जावास्क्रिप्ट यांपैकी कोणत्या ब्राऊजरला काय पेलते, याची नोंद यादीत असते. मात्र वाचकाने जावास्क्रिप्ट बंद ठेवली असली, तरी यादी 'चालते' असेच सांगणार. सर्व्हर परीक्षा घेत नाही. सांगितलेल्या नावावर विश्वास ठेवतो.

मराठी वाचकांनी या ओळखीचे महत्त्व एकेकाळी अनुभवले आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी संकेतस्थळे आपापल्या फाँटवर चालत. पानाबरोबर फाँट उतरवण्यासाठी इंटरनेट एक्स्प्लोररला 'ईओटी', तर नेटस्केप ४ ला 'पीएफआर' प्रकारची फाईल लागे. योग्य फाईल न मिळाल्यास मराठीऐवजी रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसे.

नावावर विसंबण्याचा धोका ब्राऊजरच्या इतिहासातच दिसतो. नेटस्केप स्वतःला 'मोझिला' म्हणवी. काही सर्व्हर फ्रेम असलेली पाने त्याच नावाला देत. म्हणून इंटरनेट एक्स्प्लोररनेही ते नाव धारण केले. आजचा क्रोमही आपली ओळख 'मोझिला' या शब्दानेच सुरू करतो. २००९ मध्ये ऑपेराची दहावी आवृत्ती आली, तेव्हा अनेक संकेतस्थळे आवृत्तीचा पहिलाच अंक वाचून १० ला १ समजू लागली. अखेर ऑपेराला आपल्या ओळीत ९.८० असा आकडा लिहावा लागला.

अलीकडे ही ओळ मुद्दामच त्रोटक करण्यात आली आहे. वाचकाचा माग काढणे अवघड व्हावे म्हणून क्रोमने २०२३ मध्ये तिच्यातून मोबाईलचे मॉडेल आणि अँड्रॉइडची खरी आवृत्ती वगळली. अधिक तपशील हवा असल्यास सर्व्हरने 'क्लायंट हिंट्स' या पद्धतीने तो वेगळा मागायचा असतो. पण फायरफॉक्स आणि सफारी यांनी ही पद्धत स्वीकारलेली नाही.

म्हणून मूळ मजकूर सर्वांना वाचता येईल अशा साध्या पानात द्यावा आणि एखादी सोय उपलब्ध आहे का, याची चाचणी प्रत्यक्ष ब्राऊजरमध्येच घ्यावी, हा मार्ग अधिक विश्वसनीय ठरतो. सर्व्हरने केलेली ओळख हलके चित्र किंवा छोटे पान निवडण्यास जरूर उपयोगी पडते. तिच्या भरवशावर कोणालाही दारातून परत पाठवणे मात्र योग्य नव्हे.