पोरीसाठी पहिली पॉइंट टू-टू कुठली घ्यायची?

पोस्ट मोठी आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी रात्री जेवण झाल्यावर वाचा, पण वाचा.

गेल्या महिन्यात एसटी स्टँडसमोरच्या चहाच्या गाड्यावर एका शेतकरी मित्रानं मला गाठलं. त्याची मुलगी अकरावीत, एन.सी.सी.त आहे. कॅम्पमध्ये पाच गोळ्या मारल्या आणि पाचही एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत बसल्या, असं तिथल्या हवालदारानं सांगितलं म्हणे. गड्याचा ऊस नुकताच गेला होता, बिल जमा झालं होतं. मला म्हणाला, “सर, तुम्ही पेपरवाले, तुम्हाला म्हाईत असतंय. पोरीला रायफल घ्यायची हाय. पॉइंट टू-टू. पहिली कुठली घिऊ?”

ट्रॅक्टर कुठला घेऊ, इतक्या सहज विचारलं त्यानं. मी तेव्हा “बघून सांगतो” म्हणालो. मग वाचायला बसलो आणि लक्षात आलं की या प्रश्नाला दीडशे वर्षांचा इतिहास चिकटलाय.

आधी ही पॉइंट टू-टू म्हणजे काय ते थोडक्यात. गोळीचा व्यास इंचाच्या साधारण बावीस शतांश, म्हणून .२२. मोठ्या काडतुसाच्या बुडाला मधोमध एक वेगळी टोपी असते, घोड्याची पिन तिच्यावर आपटते. .२२ ला तशी टोपीच नाही. बुडाच्या कडेनं आत पेट घेणारा मसाला भरलेला असतो आणि पिन त्या कडेवर मारते. म्हणून तिला रिमफायर म्हणतात, रिम म्हणजे कडा. बनवायला सोपी, स्वस्त, आवाज कमी, खांद्याला धक्का जवळजवळ नाही. १८४५ च्या सुमारास फ्लोबेर नावाच्या फ्रेंच कारागिरानं घरातल्या दिवाणखान्यात नेम धरायला असली चिमुकली काडतुसं काढली. १८५७ मध्ये अमेरिकेत स्मिथ अँड वेसननं .२२ शॉर्ट आणली. आज जगभर चालते ती .२२ लाँग रायफल स्टीव्हन्स कंपनीनं १८८७ मध्ये काढली. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, गोळी तीच आहे. पॅरिसला आपल्या स्वप्नीलनं मारली ती हीच.

म्हणजे जन्मापासूनच ही गरिबाची, शिकणाऱ्याची रायफल. आता गंमत बघा.

१८९९ ते १९०२ इंग्रजांचं दक्षिण आफ्रिकेत बोअर लोकांशी युद्ध झालं. बोअर म्हणजे शेतकरीच. पण घोड्यावर बसून लांबून अचूक गोळी घालणारे. इंग्रजांच्या सैन्याची त्यांनी अब्रू काढली. मग विलायतेत चर्चा सुरू झाली की आपल्या सामान्य माणसाला नेम धरता येत नाही. १९०१ मध्ये तिथं कामगारांच्या रायफल क्लबांसाठी एक संस्थाच निघाली, १९०३ पासून ती मिनिएचर रायफल क्लबांची संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. गिरणीत, खाणीत काम करणाऱ्यानं संध्याकाळी यावं, थोडे पैसे टाकावेत आणि क्लबच्या .२२ नं नेम धरावा. या चळवळीचा मोठा पुरस्कर्ता कोण, तर लॉर्ड रॉबर्ट्स. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये या छोट्या रायफलीची स्पर्धाही झाली.

हे रॉबर्ट्स साहेब जन्मले कुठं? कानपूरला. आणि १८८५ ते १८९३ हिंदुस्थानच्या फौजेचे सरसेनापती होते. त्या काळात इथं काय कायदा होता? १८७८ चा आर्म्स ॲक्ट, लिटन साहेबाचा. परवान्याशिवाय हिंदी माणसानं बंदूक बाळगायची नाही. गोऱ्यांना त्यातून सूट. कोडगूच्या लोकांना सूट, कारण त्यांची निष्ठा सरकारला पटलेली. बाकी आपल्या शेतकऱ्यानं रानडुकरं पीक नासताना डबा वाजवत बसायचं. (हे डबा वाजवणं आमच्या डोंगरपट्ट्यात आजही चालू आहे, तो वेगळ्या पोस्टचा विषय.)

म्हणजे साम्राज्य एकच. मँचेस्टरच्या कामगाराला सांगायचं, बाबा ये, रायफल शिक, देशाला गरज आहे. आणि साताऱ्याच्या माणसाच्या घरात सापडली तर तुरुंग. विलायतेत पहिली रायफल कुठली घ्यावी याच्या जाहिराती छापून येत होत्या तेव्हा आपल्याकडं हा प्रश्न विचारायलाच बंदी होती. राजेरजवाड्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडं बंदुका होत्या, शिकारखाने होते. म्हणून आपल्याकडं नेमबाजी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं वाघावर पाय ठेवून काढलेला फोटो येतो, खेळ येत नाही.

काँग्रेसच्या जुन्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध पुन्हा पुन्हा ठराव झाले. गांधीजींनीसुद्धा, हो, अहिंसेच्या गांधीजींनी, पहिल्या महायुद्धाच्या वेळी सगळ्या देशाला निःशस्त्र करणाऱ्या या कायद्यावर कडक शब्दांत टीका केलेली आहे. १९३१ च्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. मग राज्यघटना लिहायची वेळ आली. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. फाळणीच्या कत्तली होऊन वर्षच झालं होतं. हत्यार हा प्रत्येकाचा हक्क म्हणून लिहून देणं त्यांना शक्य वाटलं नाही. मला विचाराल तर बाबासाहेबांचं बरोबर होतं. अमेरिकेतल्या शाळांच्या बातम्या मीच भाषांतर करून पानात लावतो, त्यामुळं या बाबतीत मला शंका नाही. पण हक्क नको म्हणताना खेळाचा रस्ता तरी मोकळा ठेवायला हवा होता. तो किती मोकळा राहिला, हे बघू.

दोन दारं उघडली. पहिलं एन.सी.सी., १९४८ च्या कायद्यानं. दुसरं नॅशनल रायफल असोसिएशन, १९५१ मध्ये. तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर. आडनाव आपलं, मूळ रत्नागिरीकडचं घराणं, कर्मभूमी अहमदाबाद. राष्ट्रीय स्पर्धेआधी पोरं जी ‘मावळणकर’ खेळायला जातात, ती त्यांच्याच नावानं. खेळणाऱ्या निम्म्या पोरांना हे माहीत नसतं, मी विचारून बघितलंय.

एन.सी.सी.चा तर मी स्वतः साक्षीदार. माझ्या कॉलेजच्या दिवसांत आमच्या हातात .२२ डिलक्स असायची. काही ठिकाणी नंबर दोन मार्क चार, म्हणजे जुन्या ली-एनफिल्डलाच .२२ ची नळी बसवलेली. चटईवर पालथं पडायचं, पाय फाकवायचे, २५ यार्डांवर टार्गेट. उस्ताद ओरडायचे, “शिस्त लो!” आम्हाला वाटायचं, गप बसायला सांगतायत. मग कळलं, हिंदीत शिस्त म्हणजे नेम. पाच गोळ्या. वर्षाला पाच गोळ्या! माझ्या पाचपैकी तीन कागदावर होत्या, दोन कुठं गेल्या हे अजून माहीत नाही. पण उस्तादांनी एक गोष्ट शिकवली. गोळ्या मधोमध बसल्या का ते बघू नका, एकमेकींजवळ बसल्या का बघा. याला ग्रुपिंग म्हणतात. ग्रुप जवळ असेल तर माणूस बरोबर आहे, साईट फिरवून तो मधे आणता येतो. पसरला असेल तर रायफल कितीही भारी असू दे, उपयोग नाही.

माझ्या मित्राच्या पोरीचा ग्रुप नाण्याएवढा. म्हणून मी ही गोष्ट हसण्यावारी नेली नाही.

याच दारातून आपल्याकडची मोठी माणसं आली. अंजली भागवत एन.सी.सी.तूनच पुढं गेल्या. आणि आपली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत. ऑगस्ट २०१० मध्ये म्युनिकला जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकारात, ६०० पैकी ५९७. जागतिक विक्रमाशी बरोबरी आणि सोनं. हातात .२२. दुर्दैव असं की महिलांचा हा प्रकार ऑलिंपिकमध्ये कधी नव्हताच. दहाचं वर्तुळ केवढं असतं माहीत आहे? ५० मीटरवर १०.४ मिलिमीटर. शर्टाच्या बटणाएवढं. मग १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. गुडघ्यावर, पालथा आणि उभा अशा तीन पोझिशन, ४५१.४ गुण, ब्राँझ. १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या माणसाला वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या दिवशी आमच्या चौकात फटाके वाजले. वाजवणाऱ्यांपैकी कुणी ५० मीटरची रेंज आयुष्यात बघितलेली नव्हती, मीही तेव्हा बघितलेली नव्हती.

तर आता मित्राला मी काय सांगितलं, ते. तुमच्यापैकीही काहींच्या घरात हा प्रश्न येईल, म्हणून सविस्तर.

एक तर पहिली रायफल विकत घेऊ नको. घेता येणारही नाही. आपल्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे २१ वर्षांखालच्याला सरसकट शस्त्र मिळत नाही, प्रशिक्षणासाठी नियमांनी मुभा ठेवलीय. कलम ३ मध्ये मात्र एक ओळ अशी आहे की ती वाचून मला बरं वाटलं. एका माणसानं किती बंदुका ठेवायच्या यावर जी मर्यादा आहे, ती मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला नेमबाजीच्या सरावाच्या .२२ साठी लागू नाही. म्हणजे पॉइंट टू-टू हे नाव खुद्द कायद्यात लिहिलंय. पण अट काय? क्लब. दुकान शोधायच्या आधी क्लब शोधायचा. लंडनच्या कामगारानं १९०१ मध्ये हेच केलं होतं.

दुसरं, सुरुवात एअर रायफलनं. .१७७ बोअरची, २० ज्यूलपर्यंत ताकदीची एअर रायफल परवान्याशिवाय चालते. दहा मीटर जागा पुरते. श्वास कसा सोडायचा, ट्रिगर कसा दाबायचा, गोळी सुटल्यावरही क्षणभर हलायचं नाही, हे सगळं तिथंच शिकून होतं.

मग क्लबची .२२ हातात येईल तेव्हा काय बघायचं? नाव बघू नका. नाव सगळ्यांना एकच माहीत असतं, आन्शुट्झ. १८५६ ची जर्मन कंपनी, मूळ थुरिंगियातल्या मेलिस गावची. दुसऱ्या महायुद्धानंतर तो भाग रशियनांच्या ताब्यात गेला, कारखाना गेला, घराण्यानं १९५० मध्ये उल्म शहरात पुन्हा शून्यातून सुरुवात केली. वॉल्थर कंपनीची गोष्टही जवळजवळ हीच, त्याच गावातून त्याच शहरात. सामान उत्तम, पण नवी घ्यायची तर किंमत लाखांत. पोरीच्या दृष्टीनं त्याआधी बघायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. बट तिच्या हाताच्या लांबीला बसतं का. गाल टेकवल्यावर मान न ताणता डोळा आपोआप मागच्या साईटच्या भोकासमोर येतो का. साईट भोकाचीच हवी, एन.सी.सी.तल्या खाचेची नको. वजन पेलतं का, कारण स्पर्धेची रायफल आठ किलोपर्यंत असू शकते आणि उभं राहून बराच वेळ ती धरायची असते. पोर डावरी असेल तर डावरं बट. एकावेळी एकच गोळी भरणारी चालते, उलट तीच बरी, घाई होत नाही.

जुनी रायफल मिळाली तर नाक मुरडू नका. .२२ ची गोळी मऊ शिशाची, दाब कमी, नळी वर्षानुवर्षं टिकते. पण गोळ्यांचं मात्र बघा. एकाच कंपनीच्या दोन लॉटच्या गोळ्या त्याच नळीतून वेगवेगळ्या बसतात. मोठे नेमबाज लॉट तपासून मगच पेट्या घेतात. स्पर्धेची गोळी मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा किंचित हळू ठेवलेली असते, जास्त वेग म्हणजे जास्त अचूक हा गैरसमज आहे. एकदाच्या रायफलीपेक्षा रोजच्या गोळ्यांचा खर्च माणसाला वाकवतो, हे घरातल्यांनी आधीच ओळखावं.

हे सगळं ऐकून मित्र म्हणाला, “म्हंजे रायफल नगं, रेंज पायजे.”

बरोब्बर. आणि तीच नाही. एअर रायफलचे क्लब आता तालुक्याच्या गावात दुकानाच्या गाळ्यातही निघालेत, चांगली गोष्ट आहे. पण .२२ ला ५० मीटर मोकळी जागा, मागं मातीचा भक्कम बांध, चारी बाजूंनी सुरक्षा लागते. ती कोल्हापुरात दुधाळीला, पुण्यात बालेवाडीला. आमच्या गावातून दुधाळीला जाऊन येऊन दिवस मोडतो. स्वप्नीललासुद्धा शिकायला नाशिकला जावं लागलं होतं. आणि ज्या कॉलेजात मी त्या पाच गोळ्या मारल्या, त्याच्या मागं त्या वेळी छोटी रेंज होती. मागच्या आठवड्यात जाऊन बघितली. मातीचा बांध सपाट करून तिथं दुचाकींचं पार्किंग केलंय. नाव घेत नाही, गावातल्यांना कळेल. शिपाईमामांना विचारलं तर म्हणाले, “सायब, ते कवाच पाडलं. पोरं काय गोळ्या मारत्यात आता?”

मुलगी सध्या रविवारी सकाळच्या सहाच्या गाडीनं एअर रायफलच्या क्लबला जाते. बाप सोबत असतो, बाहेर बाकड्यावर पेपर वाचत बसतो. उसाच्या बिलातले पैसे त्यानं बाजूला ठेवलेत. परवा फोनवर त्याला पार्किंगची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, “किती मीटर जागा हाय वो ती? टेप घिऊन जाऊ या का एकदा?”

रविवारी दुपारी आम्ही दोघं टेप घेऊन जाणार आहोत. कुणाला यायचं असेल तर चार वाजता कॉलेजच्या मागच्या गेटला या.