भस्माची वृष्टी आणि जपानची मासळी

समुद्र सर्व काही पोटात घालतो, ही समजूत फार जुनी आहे. गावची घाण नदीत जाते, नदी समुद्राला मिळते, आणि समुद्र त्याचा हिशेब कोणालाही देत नाही, अशा हिशेबानेच मनुष्याचा व्यवहार चालत आला. अणुयुगाच्या आरंभी बड्या राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांनीही हेच गृहीत धरले होते. या समजुतीला पहिला मोठा धक्का बसला तो १९५४ साली, आणि तोही मासळीबाजारात.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातील बिकिनी या प्रवाळद्वीपावर हायड्रोजन बाँबचा स्फोट केला. शास्त्रज्ञांनी सुमारे ६ मेगाटनांचा अंदाज केला होता. शक्ती निघाली १५ मेगाटनांची, म्हणजे हिरोशिमावरील बाँबच्या सुमारे हजारपट. प्रवाळाची भुकटी आकाशात गेली आणि किरणोत्सर्गी होऊन खाली आली. तेथून पूर्वेस सुमारे १६० किलोमीटरांवर, जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर, 'दाइगो फुकुर्यू मारू' ही लाकडी मासेमारी नौका उभी होती. तिच्या नावाचा अर्थ 'पाचवा भाग्यवान ड्रॅगन' असा आहे. दैवाची थट्टा ती याहून निराळी काय असावी? नौकेवरील २३ खलाशांनी पश्चिमेला सूर्य उगवल्यासारखा प्रकाश पाहिला, आणि काही तासांनी त्यांच्या अंगावर पांढरी राख पडू लागली. गळाचे दोर ओढण्याचे काम त्यांनी थांबविले नाही. पुढे जपानी लोकांनी या राखेला 'मृत्यूचे भस्म' असे नाव दिले.

१४ मार्चला नौका याइझू बंदरी परतली. वर्तमानपत्रांत बातमी येईपर्यंत तिची मासळी बाजारात पोहोचलीही होती. ट्यूना, ज्याला आपल्या किनाऱ्यावर कुपा म्हणतात, हे जपानी माणसाचे आवडते अन्न. मोजणीची यंत्रे घेऊन सरकारी माणसे बाजारात हिंडू लागली तेव्हा गिऱ्हाईक पळाले आणि भाव कोसळले. वर्षअखेरपर्यंत आठशेंहून अधिक नौकांची मासळी दूषित ठरून पुरावी अथवा समुद्रात टाकावी लागली. ज्या कोळ्याने बिकिनी कधी पाहिले नव्हते, त्याच्याही चुलीवर हा बाँब पडला.

अमेरिकेच्या अणुशक्ती आयोगाचे अध्यक्ष लुइस स्ट्रॉस यांनी ३१ मार्चला सांगितले की, पाण्यात पडलेला किरणोत्सर्ग काही मैलांतच निरुपद्रवी होईल आणि पाचशे मैलांच्या आत त्याचा मागमूसही उरणार नाही. नौका धोक्याच्या हद्दीत शिरली असावी, असेही ते म्हणाले. यातील पहिले विधान पडताळून पाहण्याजोगे होते, आणि जपानी शास्त्रज्ञांनी ते पडताळले, हे आम्हांस या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मोलाचे वाटते. मे महिन्यात 'शुन्कोत्सु मारू' हे जहाज संशोधकांना घेऊन निघाले. समुद्रप्रवाहाबरोबर किरणोत्सर्ग पश्चिमेकडे दूरवर वाहत चालला आहे, असे त्यांना आढळले. दूषित पाणी चहूकडे सारखे मिसळत नव्हते; नदीसारखे ते प्रवाहातून चालले होते. शिवाय पाण्यातील सूक्ष्म जीव ही द्रव्ये शोषून घेतात, लहान मासे त्या जीवांना खातात आणि मोठे मासे लहानांना. पाण्यात जे विरळ असते ते शरीरात दाट होऊ शकते.

इकडे टोकियोच्या सुगिनामी भागात गृहिणींनी सह्यांची मोहीम उभारली. तिच्यामागे स्थानिक सार्वजनिक सभागृह, तेथील स्त्रियांचे वाचनमंडळ आणि मासेविक्रेत्यांचे गाऱ्हाणे होते. ऑगस्ट १९५५ पर्यंत देशभर सह्यांची संख्या ३ कोटींच्या वर गेली. दरम्यान २३ सप्टेंबर १९५४ रोजी नौकेचे रेडिओचालक आइकिची कुबोयामा चाळिसाव्या वर्षी मरण पावले. अमेरिकेने जानेवारी १९५५ मध्ये २० लक्ष डॉलर दिले, पण कायदेशीर जबाबदारी मान्य न करता.

आपल्याकडे लोकसभेत पंडित नेहरूंनी २ एप्रिल १९५४ रोजीच असे स्फोट निदान तहकूब ठेवण्याच्या कराराची सूचना मांडली होती. ती तेव्हा कोणी मानली नाही. आणि ज्यांच्या अंगणात ही राख पडली त्या राँगेलाप बेटाच्या रहिवाशांची आठवण तर त्याहून कमी लोकांनी ठेवली. त्यांना हलविण्यात आले, १९५७ साली परत नेण्यात आले, आणि १९८५ साली ते स्वतःच बेट सोडून गेले.

मोजणीचा वाद मात्र चालूच राहिला. कात्सुको सारुहाशी या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी समुद्रजलातील सीझियम मोजले, तेव्हा त्यांच्या आकड्यांवर अमेरिकेत शंका घेतली गेली. १९६२ साली त्या कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेत गेल्या आणि तेथील शास्त्रज्ञाच्या पद्धतीशेजारी आपली पद्धत ठेवून मोजून दाखविले. त्यांची पद्धत कसोटीस उतरली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९६३ मध्ये, अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांनी हवेतील, अवकाशातील व पाण्याखालील चाचण्या बंद करण्याच्या करारावर सह्या केल्या. फ्रान्स आणि चीन त्यात आले नाहीत. त्यांनी हवेतील स्फोट पुढेही केले.

२४ ऑगस्ट २०२३ रोजी फुकुशिमाच्या मोडलेल्या अणुकेंद्रातील प्रक्रिया केलेले पाणी समुद्रात सोडण्यास आरंभ झाला. त्याचे प्रमाण १९५४ च्या तुलनेत अगदीच निराळे, आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनेही ते सुरक्षिततेच्या निकषांत बसते असे म्हटले होते. तरी जपानच्या कोळ्यांच्या संघटनांचा विरोध कायम राहिला, आणि त्याच दिवशी चीनने जपानी मासळीची आयात बंद केली. कोळ्यांना भय होते ते भाव कोसळण्याचे.